वडिलांचा छंद : 'एकच लिहायचाय'

अर्धंमुर्धं

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण चार दिवस डोक्यातून जात नाही म्हणून इथे टाकतोय.

मुलीच्या शाळेतून एक फॉर्म आला. आईवडिलांचं शिक्षण, नोकरी, रक्तगट, आणि सगळ्यात खाली 'वडिलांचा छंद' अशी एक ओळ. ती पेन घेऊन समोर बसली. मी सांगायला लागलो, हार्मोनियम, आकाशदर्शन, मधमाश्या, उर्दू... तिने पेन खाली ठेवलं. "बाबा, जागा एवढीशी आहे. एकच लिहायचाय. आणि तुम्हाला येतो तो सांगा."

'येतो तो' हे लागलं.

वय ४४, कराडला राहतो, एका संस्थेत हिशेब लिहितो. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय काय निघालं ते सांगतो, म्हणजे रोगाची कल्पना येईल. दुर्बिणीसाठी घासायला घेतलेली सहा इंची काच, निम्मी घासलेली, आणि कार्बोरंडमच्या पुडीचे तीन डबे. मधमाश्यांची पेटी (सातेरी माश्या आणल्या होत्या, तीन आठवड्यांत पेटी सोडून गेल्या, बहुधा माझ्या रोजच्या डोकावण्याला कंटाळून). उर्दूचं कायदा पुस्तक, खुणेची दोरी पान ११ वर. हार्मोनियमला तर बायकोने कापड शिवलंय, त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात. बायको चिडत नाही, फक्त म्हणते, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

तर प्रश्न असा. ज्यांनी आयुष्यभर असं आपल्याच मनाने, परीक्षा न देता, कुणी न सांगता दहा ठिकाणी तोंड घातलं, त्यांच्या पदरात शेवटी काय पडलं? साठीच्या पुढच्या लोकांनी सांगितलं तर फार बरं. सुविचार नकोत, ते रोज सकाळी सहाला फुलांच्या फोटोसकट येतात.

टूलरूमवाला

वहिनी बरोबर आहेत.

मी २२ वर्षं टूलरूममध्ये आहे (कारखान्यात हत्यारं करतात तो विभाग), पिंपरी-चिंचवडच्या बाजूला. आमच्या उस्तादांनी पहिलं वर्षभर हातात फक्त फाइल, म्हणजे कानस, दिली. लोखंडाचा चौकोनी ठोकळा, सहाही बाजू सपाट, काटकोनात. तिरपा झाला की भंगारात, नवा ठोकळा. रडायला यायचं. आज शतांश मिलिमीटरची पायरी माझ्या नखाला कळते, गेज नंतर लावतो, फक्त खात्री करायला. हे दहा ठिकाणी तोंड घालून आलेलं नाही.

तुमच्या माळ्यावर दहा वस्तू आहेत आणि प्रत्येक वस्तू पहिल्या वर्षातच सोडलेली आहे. पहिलं वर्ष सगळ्यात मजेचं असतं आणि दुसरं सगळ्यात कंटाळ्याचं. तुम्ही दहा वेळा पहिलं वर्ष जगलात, एवढंच. कडू लागलं तर माफी.

कपाटक्रमांक५

टूलरूमवाले, एवढं सरसकट नको. दामोदर धर्मानंद कोसंबींचं उदाहरण घ्या. माणूस मूळचा गणिती. पण जुन्या चांदीच्या आहत (ठसे ठोकलेल्या) नाण्यांच्या ढिगात कुठलं नाणं आधीचं, कुठलं नंतरचं हे कसं ठरवायचं म्हणून त्यांनी तराजू घेतला. हातोहात फिरून नाणं झिजतं, हलकं होतं. किती झिजतं हे कळावं म्हणून चालू व्यवहारातली हजारो नाणी वजन केली आणि त्यावरून जुन्या नाण्यांचा क्रम लावला. इतिहासवाल्याला संख्याशास्त्र सुचलं नसतं, गणितवाला नाण्यांच्या वाटेला गेला नसता. शिवाय भर्तृहरीच्या पाठांचं संपादन केलं, माळरानावर हिंडून दगडाची बारीक हत्यारं वेचली, ते वेगळंच. मी ग्रंथालयात काम करतो, त्यांची पुस्तकं कुठल्या एका कपाटात लावायची हा खरोखरचा प्रश्न पडतो.

टूलरूमवाला

कोसंबींचं नाव येणारच होतं, मी वाटच बघत होतो. ते आधी पक्के गणिती होते, मग नाण्यांकडे गेले. आधी ठोकळा काटकोनात. आणि आपण कोसंबी नाही, हा एक बारीकसा मुद्दा राहिलाच.

ट्रंककॉल

मी इथे वाचतेच जास्त, लिहिते कमी. पण साठीच्या पुढच्यांनी सांगा म्हटलंय आणि मला अडुसष्टावं लागलंय, म्हणून लिहिते. प्रश्नकर्ते माझ्या धाकट्या दिरापेक्षाही लहान आहेत, तेव्हा अरे-तुरे करणार आहे, राग मानू नये.

मी १९७८ साली टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. कृष्णाकाठचं गाव, शिक्षण जुनी मॅट्रिक, वय वीस. ट्रंक बोर्डावर बसायचे. आताच्या मुलांना सांगावं लागतं, की परगावी फोन करायचा तर आधी एक्स्चेंजला नंबर नोंदवायचा. आम्ही तिकिटावर लिहून घ्यायचो, ऑर्डिनरी की अर्जंट, पीपी असेल तर कोणाला बोलवायचं त्याचं नाव. मग त्या गावच्या ऑपरेटरला हाक मारायची. ती तिकडे माणूस धरणार, आम्ही इकडे, आणि दोर खोचून दोघांना जोडून द्यायचं. तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू?" लोकांची बारशी, मयतं, गुळाचे भाव, सगळं कानावरून जायचं.

रात्रपाळीला अकरानंतर बोर्ड झोपायचा. लाइन जिवंत आहे का बघायला मधूनमधून बेळगावला हाक मारायची. तिकडे जी ऑपरेटर असायची तिचा आवाज जरा घोगरा होता. मराठी बोलायची, पण घाईत आली की कानडीत शिरायची. "स्वल्प तडीरी," म्हणजे जरा थांबा. एका रात्री मी विचारलं, हे जे तुम्ही सारखं म्हणता ते काय? तिथून शिकवणी सुरू झाली. आधी आकडे, कारण आमचं सगळं आकड्यांवर. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. शून्याला सोन्ने. सोन्ने! मी दोन दिवस स्वयंपाकघरात तेच म्हणत फिरत होते. मग जेवलात का, पाऊस आहे का, मुलाचा ताप उतरला का. फीवगैरे काही नाही. बदल्यात तिला मी मराठी ओव्या सांगायचे, तिला त्या फार आवडायच्या.

अक्षरं मात्र मी मिरज स्टँडवर शिकले. कर्नाटकच्या गाड्या लागायच्या, पाटीवर कानडी. गाडी कुठली हे लोकांच्या ओरडण्यावरून कळायचं, मग पाटी वाचायची, म्हणजे उत्तर आधी माहीत, गणित मागून. 'र' म्हणजे डोक्यावर तुरा असलेला गोळा, त्याच्याच पोटात टिंब दिलं की 'ठ'. माझी एसटी दोनदा चुकली त्यापायी.

आता गंमत ऐक. सोलापूरच्या बोर्डावर एक मुलगी आली, घरात तेलुगू बोलणारी. मला आता आकडे गोळा करायची खोड लागलेली. तिला म्हटलं, तुमच्यात कसं मोजतात? ती म्हणाली, "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु." हातातला दोर हातातच राहिला. वकट, लेंड, मूंड, नाल! अरे, हे तर आमच्या गल्लीतलं विटीदांडूचं मोजणं. लहानपणी मुलं विटी टोलवताना हेच ओरडायची आणि आम्हाला वाटायचं, हे असेच काहीतरी खेळातले अर्थ नसलेले शब्द. मला खेळायला घेत नसत, मी कट्ट्यावर बसून डाव मोजायचे. तेव्हा वयाच्या आठव्या वर्षापासून मी तेलुगूत मोजत होते आणि मला पत्ता नव्हता. पहाटेचे तीन वाजले होते. सांगायला जवळ कोणी नाही. शेजारच्या खुर्चीवरची बाई टेबलावर डोकं ठेवून झोपली होती, तिला उठवून सांगितलं. तिने अशा नजरेने पाहिलं...

तुला विचारायचं होतं ना पदरात काय पडतं? मला विचारशील तर ते पहाटेचे तीन. त्याला पगारात कॉलम नाही.

नुकसानही सांगते, नाहीतर टूलरूमवाले दादा म्हणतील बाई गोडच तेवढं वाढते. लाइनवर गप्पा मारते म्हणून मला मेमो मिळाला, आणि तो बरोबरच होता. बढतीच्या परीक्षेला बसायचं त्या वर्षी मी कानडी बाराखडी गिरवत बसले, बरोबरीच्या दोघी पुढे गेल्या. यांनी महिनाभर बोलणं टाकलं होतं. हार्मोनियम माझीही झाली, बुद्धिबळ नातू हरवतो, आणि उर्दू म्हणशील तर तुझ्यापेक्षा दोन पानं पुढे जाऊन मीही थांबले. ऱ्हस्व स्वर लिहायचेच नाहीत आणि वाचणाऱ्याने ओळखायचे, माझ्याने होईना.

मग डायल फिरवून सरळ परगावी फोन लागायला लागले, बोर्ड ओस पडले. बेळगावचीशी शेवटचं बोलणं झालं तेव्हा ती म्हणाली, "होगि बर्तीनि." जाऊन येते. त्यांच्यातही 'जाते' म्हणत नाहीत. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नाही.

२००९ साली यांना मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं. मिरजेला निम्मे पेशंट कर्नाटकातले. बाहेरच्या बाकावर अथणीकडची एक म्हातारी, मुलगा आत, तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं आणि सिस्टरला कानडीचं. मी मध्ये पडले. सवयच होती, इकडचा दोर तिकडे. मग त्या मजल्यावरच्या सगळ्याच जणी मला हाका मारायला लागल्या. औषध जेवणाआधी की नंतर, पैसे कुठे भरायचे, डॉक्टर नक्की काय म्हणाले. अकरा दिवस मी त्या व्हरांड्यात होते आणि एक दिवसही रिकामी बसले नाही. बाराव्या दिवशी हे गेले. त्या अथणीच्या म्हातारीने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि काहीतरी पुटपुटत राहिली. त्यातलं मला सगळं कळत होतं.

दसऱ्याला तिच्या मुलाचा अजून फोन येतो.

कानडी शिकताना मला हे माहीत होतं का? मला तर पाट्या वाचायच्या होत्या.

मोडीचंही सांगते आणि थांबते, लांबलं फार. २०१८ ला निवृत्त झाले. सासरच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती (ट्रंक काही माझा पिच्छा सोडत नाही). तिच्यात मोडी कागदांची गुंडाळी. घरात कोणालाच वाचता येईना, म्हणून रविवारचा वर्ग लावला. मोडी लिहिताना आधी कागदभर आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरं टांगत जातात, हात शक्यतो न उचलता. शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं. वर्गात पदवीवाले लोक अडखळत होते आणि माझं बरं चाललं होतं. मला आधी कळेना का. मग लक्षात आलं, मी उमेदीची सगळी वर्षं खरखरणाऱ्या लाइनवर अर्धं ऐकून उरलेलं जुळवायचंच काम केलं होतं. "...वराव... डतोय... लवकर..." म्हणजे काय, ते ओळखायचं. मोडी म्हणजे कागदावरची खराब लाइन.

कागद निघाला विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा. चौघे भाऊ, चार दिवसांची पाळी, धाकट्याने थोरल्याच्या दिवशी मोट धरली म्हणून तंटा. मी वाचून दाखवला तर दीर म्हणाले, "म्हणजे आजच्यासारखंच." वर साल, 'खमस अशर मयातैन व अलफ'. खमस पाच, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. उलटं वाचायचं, १२१५. हा शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, म्हणजे १८१४-१५. तीन वर्षांनी पेशवाई बुडायची होती आणि आमच्या घरात मोटेवरून भांडण चाललं होतं.

मस्कतकर

काकू, दंडवत. आणि ओरडलोच मी इथे. खमस, अलफ! मी अकरा वर्षं मस्कतला आहे, मत्रहच्या मासळीबाजारात दर शुक्रवारी हेच आकडे बोलतो. तलाता, अर्बा, खमसा, सित्ता, सबा. दोनशेला इथे 'मितेन' म्हणतात, तुमचं मयातैन तेच की. मूळचा मी वेंगुर्ल्याचा, मासळीसाठी कुठलीही भाषा शिकू. सुरमई घेताना मी पेशव्यांच्या कारकुनासारखा बोलतोय हे कुणी सांगितलं नव्हतं.

एक शंका. ५९९ 'किंवा' ६०० का? एकच आकडा का नाही?

अर्धंमुर्धं

काकू, मिरजेचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. ऑफिसात वाचत होतो, ते चुकलंच.

मस्कतकरांचा प्रश्न माझाही.

ट्रंककॉल

मस्कतकर, चांगलं विचारलंत. याचं उत्तर मला कागदात नाही, आकाशात मिळालं.

शुहूर सन जानेवारीला बदलत नाही. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. सारा, वसुली, पेरणी सगळं पावसावर, तेव्हा सरकारी सालही पावसाबरोबर. हल्ली मृग ७-८ जूनला लागतो, तुमच्या-माझ्या कागदाच्या काळी दोन-तीन दिवस आधी लागायचा. तेव्हा मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६००. ताळा करून बघा. पानिपत १४ जानेवारी १७६१. त्या साली पत्रांवर 'इहिदे सितैन मया व अलफ' असतं. एक, साठ, शंभर, हजार. ११६१ अधिक ६००. आलं ना? आणि तारखेआधी नुसतं 'छ' दिसलं तर ते चंद्राचं, पुढे मुसलमानी महिना येतो. म्हणजे एकाच कागदावर साल सूर्याचं आणि तारीख चंद्राची! कारकुनाची काय तारांबळ होत असेल.

पण मृगाचं कोडं माझं त्याच्या किती तरी आधीचं. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मामंजी जूनमध्ये म्हणायचे, मृग निघाला. मी रात्री अंगणात जाऊन बघायचे, कुठला मृग न् काय. ढग नसले तरी दिसेना. विचारलं तर म्हणाले, पंचांगात असतो. मग एकदा जानेवारीत दुसरी पाळी संपवून रात्री सायकलवरून येताना समोर उंच तीन तारे ओळीत दिसले, भोवती चार. बरोबरच्या शिपाईमामांनी सांगितलं, तो मृग, पोटात बाण, आणि खाली तो लखलखतो तो व्याध. मी म्हटलं, मामा, मृग तर जूनमध्ये असतो. ते म्हणाले, बाई, मला दिसतो तेव्हा असतो.

घरी आले आणि झोपच येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी माजघरात मधोमध प्रभाकर कंदील ठेवला (तुमच्या कराडजवळच्या ओगलेवाडीचाच), भिंतीकडेने सत्तावीस वाट्या मांडल्या, प्रत्येकीत एकेका नक्षत्राची चिठ्ठी, आणि मी स्वतः पृथ्वी होऊन कंदिलाभोवती फिरायला लागले. कंदिलाकडे तोंड म्हणजे दिवस, पाठ म्हणजे रात्र. फिरत फिरत अशा जागी आले की कंदील आणि मृगाची वाटी एका रेषेत. म्हणजे मृगाकडे तोंड केलं की दिवस! तो तिथेच आहे, पण सूर्य त्याच्या दारात उभा, दिसणार कसा? आणि पलीकडच्या बाजूला गेले की पाठीला कंदील, समोर मृग, तीच हिवाळ्यातली रात्र. तेवढ्यात सासूबाई आल्या. सगळ्या वाट्या जमिनीवर, मध्ये भरदुपारी पेटता कंदील, आणि सून गोल गोल फिरतेय. त्यांनी आधी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या, मग विचारलं.

समजावून सांगितलं तेव्हा मात्र त्या स्वतः एक फेरी मारून आल्या. पदर खोचून. मग म्हणाल्या, "हे बघितलं पाहिजे हं ह्यांनी." मामंजींना नाही दाखवलं कोणी.

मस्कतकर, ही फेरी तेव्हा मारली नसती तर चाळीस वर्षांनी मोडीच्या वर्गात ५९९ की ६०० हे मी नुसतं पाठ केलं असतं.

आणि अर्धंमुर्धं, तू ती सहा इंची काच खाली काढ. बाकीचं राहू दे माळ्यावर, माश्या तर गेल्याच. टूलरूमवाले दादांचं एवढं मला पटतं, की एखादी तरी गोष्ट हाताला लागेपर्यंत धरावी. सगळ्या नको. मला कानडी लागली, उर्दू नाही लागली, उर्दूला मी दोष देत नाही. जानेवारीत रात्री नऊ-दहाला मृगाच्या त्या तीन ताऱ्यांच्या जरा खाली धुरकट ठिपका दिसतो, तो तेजोमेघ बघायला सहा इंच पुष्कळ झाले.

टूलरूमवाला

काकू, मी माघार घेत नाही. आधी ठोकळाच. पण एक गोष्ट आठवली ती लिहितो, प्रामाणिकपणा म्हणून.

हत्याराला पाणी द्यायचं आयटीआयमध्ये तापमानाच्या तक्त्यावर शिकलो. जमत नव्हतं, धार एकतर तुटायची नाहीतर वळायची. गावी गेलो की आमच्या लोहाराच्या भात्यापाशी बसायचो, काही शिकायला म्हणून नव्हे, शेकायला म्हणून. तो विळे करायचा. लोखंड घासून चकचकीत करून तापवलं की त्यावर रंग चढत जातात, आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. कुठल्या रंगावर पाण्यात घालायचं हे तो बोलता बोलता, माझ्याकडे बघत करायचा. पिवळ्यावर थांबलं तर धार कडक पण ठिसूळ, निळ्यावर गेलं तर चिवट पण मऊ. कामावर आल्यावर तक्ता काढून बघितला तर सगळे अंश त्या रंगांशेजारी छापलेलेच होते, मी कधी तो रकाना वाचला नव्हता. माझ्या पंच-हत्यारांना आज जी धार आहे ती त्या भात्यापाशी बसल्याची आहे. उस्तादांना हे कधी सांगितलं नाही.

बाकी, 'नाल'च्या पुढचं मोजणं काय होतं? आमच्याकडे मुलं तिथे मारामारीवर यायची म्हणून पुढचं आठवत नाही.

ट्रंककॉल

पुढचं गावोगाव वेगळं. आमच्या गल्लीत नालनंतर विटी डोळ्यावर ठेवून मारायची, तेव्हा कट्ट्यावर मी डोळे मिटून घ्यायचे. त्यामुळे मोजणं तिथेच तुटलं. कोणाला आठवत असेल तर गावाचं नाव घालून लिहा, मी वहीत उतरवून घेते.

कपाटक्रमांक५

काकू, तुम्हाला कुठल्या कपाटात लावायचं?

ट्रंककॉल

खालच्या फळीवर लावा बाबा, गुडघे दुखतात पण लहान मुलांचा हात पोचतो.

अर्धंमुर्धं

सगळ्यांचे आभार. फॉर्मची हकीकत सांगतो, तो परवाच गेला. मी विचार करत बसलो तोवर मुलीने परस्पर 'वाचन' लिहून टाकलं. म्हणाली, सगळ्यांचे बाबा तेच लिहितात.

काच उतरवली. धूळ पुसण्याआधीच दिसलं, मधल्या भागात एक ओरखडा आहे, दोन बोटांएवढा. टूलरूमवाले, नख फिरवलं तर किंचित अडकतंय. म्हणजे किती खोल समजायचं? पुन्हा जाड पुडीपासून सुरू करावं लागेल का?

टूलरूमवाला

तुमच्या नखावरून मला सांगता यायचं नाही, माझं नख पाहिजे. रविवारी ओगलेवाडीला साडूकडे येतोय, दुपारी चक्कर मारतो. पत्ता खाजगी निरोपात पाठवा. तोवर काच सुती कपड्यात गुंडाळून ठेवा आणि कृपा करून परत पुसू नका.